म्हातारपणाला प्रश्न विचारणारा माणूस : एली मेचनिकॉफ



स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मी आधी आपला व्हॉट्सअॅप ग्रुप मागे मागे चाळला. पूर्वी तिथे मुलांच्या लग्नपत्रिका असत, मग नातवंडांचे फोटो आले. आता गुडघे, साखर, मोतीबिंदू आणि स्टेंट. सकाळच्या सुप्रभातनंतर पहिला संदेश कुणाच्या तरी रिपोर्टचा असतो. तेव्हा विषय शोधायला लांब जायची गरज पडली नाही. आपण म्हातारे का होतो, हा प्रश्न ज्याने आयुष्यभर सोडला नाही, त्या माणसाची गोष्ट सांगतो.

आधी शाळेतली एक कबुली. आपल्या प्रयोगशाळेत एकच मायक्रोस्कोप होता आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात असे. वाघूरच्या डबक्यातलं पाणी बाटलीत भरून आणलं होतं आणि रांगेत उभं राहून आपण सगळ्यांनी अमिबा पाहिला. म्हणजे, पाहिला असं सगळे म्हणाले. मला हवेचा बुडबुडा दिसला होता. सर, आज एवढ्या वर्षांनी सांगतो, रागावू नका. खरा अमिबा मला पुढे कॉलेजात दिसला. तो एका कणाभोवती हळूहळू पसरला आणि तो कण त्याच्या पोटात गेला. तोंड नाही, पोट नाही, तरी गिळणं आहे आणि पचवणं आहे. ज्यांची गोष्ट सांगतोय त्या एली मेचनिकॉफ यांचं सगळं काम या एका दृश्यातून निघालेलं आहे.

मेचनिकॉफ यांचा जन्म मे १८४५ मधला, आजच्या युक्रेनमधल्या खारकीव शहराजवळच्या इवानोव्का या खेड्यातला. वडील झारच्या सैन्यात अधिकारी, आई ज्यू घराण्यातली. पाच भावंडांत हे शेंडेफळ. लहानपणापासून किडे, झाडपाला यांचा नाद. पोरगा एका जागी बसत नसे, पण मायक्रोस्कोपसमोर तासन्‌तास हलत नसे. खारकीवच्या विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत उरकला आणि शिकायला जर्मनीत गेले. तिथे गीसेन गावात, १८६५ साली, एका चपट्या कृमीचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की या प्राण्याचं अन्न आतड्याच्या पोकळीत पचत नाही, पेशींच्या आत पचतं. तेव्हा त्यांचं वय वीस होतं. या निरीक्षणाचं पुढे काय होणार आहे, याची त्यांना स्वतःलाही कल्पना नव्हती.

पंचविशीत ते काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. वरून पाहिलं तर सगळं छान. घरात मात्र दुःख होतं. १८६९ मध्ये त्यांनी ल्युडमिला हिच्याशी लग्न केलं तेव्हा ती क्षयाने इतकी खंगलेली होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. चार वर्षं त्यांनी तिला उबदार हवेच्या गावांत हिंडवलं, कर्ज काढलं, भाषांतरं करून पैसे मिळवले. १८७३ च्या एप्रिलमध्ये मदेरा बेटावर ती गेली. त्यांची स्वतःची नजर तेव्हा अधू झाली होती, मायक्रोस्कोप पाहणंही जमत नव्हतं. त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. घेतलेलं औषध उलटून पडलं आणि ते वाचले.

याच दिवसांतली एक हकिगत त्यांच्या चरित्रात येते. जिनिव्हात नदीच्या पुलावर संध्याकाळी ते उभे होते. कंदिलाभोवती चिलटांसारखे किडे घोंगावत होते. पंख फुटल्यावर काही तास जगून मरणाऱ्या किड्यांचा विचार त्यांच्या मनात आला. एवढं थोडं आयुष्य असलेल्या जिवाला निसर्गनिवडीचा नियम लागू पडतो तरी कसा, असा प्रश्न पडला आणि तो सोडवण्याच्या नादात ते परत कामाकडे वळले. मला हा प्रसंग फार खरा वाटतो. शोकातून माणसाला बाहेर काढायला उपदेश पुरत नाही. कधी एखादा बारीकसा प्रश्न ते काम करून जातो.

१८७५ मध्ये त्यांनी ओल्गाशी लग्न केलं. पुढे तिला विषमज्वर झाला. ती वाचेल की नाही अशी वेळ आली. शिवाय १८८१ मध्ये झारची हत्या झाली आणि विद्यापीठात दडपशाही सुरू झाली. पुन्हा त्यांचं मन खचलं आणि त्यांनी स्वतःला उलटसुलट येणाऱ्या तापाच्या जंतूंचं रक्त टोचून घेतलं. खूप आजारी पडले, पण वाचले. आणि गंमत अशी की या आजारातून उठल्यावर त्यांची निराशा कायमची गेली. त्यानंतरची पस्तीस वर्षं हा माणूस जगण्याच्या बाजूने भांडत राहिला. तरुणपणी दोनदा आयुष्य टाकून द्यायला निघालेला माणूस उतारवयात आयुष्य लांबवण्याचं शास्त्र उभं करतो, ही त्यांच्या चरित्रातली मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट.

ओडेसाची नोकरी सोडून १८८२ मध्ये ते बायको आणि तिच्या भावंडांसह सिसिलीतल्या मेसिना गावी गेले. समुद्राकाठचं भाड्याचं घर, बैठकीच्या खोलीत मांडलेली प्रयोगशाळा. डिसेंबरात एके दिवशी घरची सगळी मंडळी सर्कशीत माकडं पाहायला गेली. हे एकटेच घरी राहिले, तारामाशाची काचेसारखी पारदर्शक पिल्लं पाहत. पिल्लाच्या शरीरात काही पेशी इकडून तिकडे फिरत होत्या, अमिबासारख्या. त्यांच्या डोक्यात एकदम आलं की या पेशी नुसत्या अन्नासाठी फिरत नसतील, शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूवर धावून जाणं हेही त्यांचंच काम असेल. तसं असेल तर पिल्लाच्या अंगात काटा टोचला की त्या पेशी काट्याभोवती जमल्या पाहिजेत. आपल्या पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी तिथे पू धरतो, तसंच.

ते बागेत गेले, गुलाबाचे काटे तोडून आणले आणि पिल्लांच्या कातडीखाली सरकवले. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. पहाटे पाहिलं तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. शरीर रोगाशी झुंजतं ते जिवंत पेशींच्या बळावर, ही कल्पना अशी एका रात्रीत प्रयोगाने उभी राहिली. या पेशींना पुढे फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी, हे नाव मिळालं. मग त्यांनी पाण्यातल्या डॅफ्निया नावाच्या बारीक जिवात बुरशीचे बीजाणू शिरताना आणि पांढऱ्या पेशी ते गिळताना पाहिले. पेशी जिंकल्या की डॅफ्निया जगे, बुरशी जिंकली की मरे.

जर्मनीतल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना हे पटलं नाही. त्यांच्या मते रोगाशी लढतो तो रक्तातला द्रव, पेशी नव्हेत. रॉबर्ट कॉख यांनी तर त्यांच्या स्लाइड पाहून थंडपणे वाटेला लावलं. वाद वीस-पंचवीस वर्षं चालला. शेवटी १९०८ चं नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि दुसऱ्या पक्षाचे पॉल एर्लिख या दोघांना मिळून दिलं गेलं. आज आपण जाणतो की दोघांचंही बरोबर होतं.

आता आपल्या महाराष्ट्राचा धागा. ओडेसात मेचनिकॉफ यांचा एक विद्यार्थी होता, वाल्डेमार हाफकिन. ज्यू असल्याने त्याला तिथे पुढे वाट नव्हती. १८८८ मध्ये मेचनिकॉफ पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत गेले आणि पुढच्या वर्षी हाफकिनही तिथे पोचला. जागा मिळाली ती ग्रंथपालाची. तिथेच त्याने कॉलऱ्याची लस तयार केली आणि ती घेऊन १८९३ मध्ये तो भारतात आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग फुटला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्याने प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच. हे नाव तिला १९२५ मध्ये मिळालं. प्लेगच्या काळात गाव ओस टाकून शेतात खोपटं करून राहिल्याच्या गोष्टी आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकल्या असतील. माझी आजी उंदीर मेलेला दिसला की अजूनही दचकायची. तिला मेचनिकॉफ हे नाव माहीत असायचं कारण नव्हतं, पण तिच्या काळच्या लोकांच्या दंडावर जी सुई टोचली गेली, ती त्यांच्या शिष्याची होती.

पन्नाशी उलटल्यावर मेचनिकॉफ यांचं लक्ष म्हातारपणाकडे गेलं. कारण घरगुतीच होतं. स्वतःचे केस पिकत होते, छातीत धडधडायचं. त्यांचा थोरला भाऊ इवान तुला गावी न्यायखात्यात होता, तो १८८१ मध्येच आजाराने गेला होता. टॉलस्टॉयच्या इवान इलिचच्या मरणावरच्या प्रसिद्ध कथेमागे हाच इवान होता. मरणाची भीती मेचनिकॉफ यांनी अशी घरात पाहिली होती. १९०३ मध्ये त्यांनी मानवी स्वभावावरचा आपला ग्रंथ छापला आणि त्यात म्हातारपणाच्या अभ्यासाला जेरोंटॉलॉजी हे नाव सुचवलं. तोवर म्हातारपण हा नशिबाचा नाहीतर धर्माचा विषय होता. त्यांनी तो प्रयोगशाळेच्या टेबलावर आणला.

त्यांचं म्हणणं असं. शरीरात साफसफाई करणाऱ्या मोठ्या भक्षक पेशी असतात. त्या मेलेल्या पेशी उचलतात, जंतू गिळतात. म्हातारपणी मात्र या सफाई कामगारांना भान राहत नाही आणि ते घरातलं चांगलं सामानही खायला लागतात: केसांतला रंग, मेंदूच्या पेशी, मूत्रपिंडाच्या पेशी. आणि त्यांना बिथरवतं कोण? तर मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जंतू आणि त्यांचं विष. बल्गेरियातले शेतकरी दही-ताकावर जगतात आणि पुष्कळ जगतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. दह्यातले जंतू आम्ल तयार करतात आणि आम्लात कुजणं थांबतं. मग त्यांनी स्वतः रोज विरजलेलं दूध प्यायला सुरुवात केली. कच्चं काही खायचं नाही, फळंसुद्धा उकळत्या पाण्यातून काढायची. दारू-तंबाखू नाही. १९०४ मध्ये पॅरिसला त्यांनी म्हातारपणावर भाषण दिलं आणि बघता बघता युरोपभर दह्याची लाट आली. औषधाच्या दुकानात दही मिळायला लागलं. आपल्याकडे कळण्याच्या भाकरीबरोबर ताकाचा गडू पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याचं कुणी कौतुक केलं नाही, पण पॅरिसच्या साहेबाने सांगितल्यावर जगाला दही आठवलं.

लोकांनी त्यांच्या बोलण्याचा अतिरेकही केला. लंडनमध्ये एका नामांकित सर्जनने तर आतड्यातल्या विषाच्या भीतीने माणसांची मोठी आतडी कापून काढण्याचा सपाटा लावला. पुढे १९२० च्या दशकात दिसून आलं की बल्गेरियन दह्याचा तो जंतू माणसाच्या आतड्यात मुक्काम करतच नाही. म्हणजे त्यांचं ते गणित चुकलं. केस पिकण्याचं कारणही वेगळं निघालं. केसांच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशींचा साठा संपत जातो म्हणून केस पिकतात, कुणी रंग खाल्ल्यामुळे नाही. तेव्हा ग्रुपवर फिरणारं दह्याने शंभरी गाठण्याचं जे काही असतं, ते मनावर घेऊ नका. दही खा, चांगलं आहे, पण शंभरीचा हिशोब त्याच्यावर ठेवू नका.

मग उरलं काय? माझ्या मते पुष्कळ. सफाई आणि म्हातारपण यांचा संबंध आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. नेमका संबंध कळायला मात्र आणखी काही दशकं जावी लागली.

मेचनिकॉफ यांनी पेशींना निळ्या लिटमसचे कण खायला घातले होते. पेशीच्या पोटात गेल्यावर ते लाल झाले. शाळेत आपण लिटमसचा कागद लिंबाच्या रसात बुडवला होता, तोच खेळ. म्हणजे पेशीच्या आत आम्लाची पिशवी आहे. ती पिशवी म्हणजे लायसोसोम, हे बेल्जियमच्या क्रिस्टियान द दूव यांनी १९५५ मध्ये दाखवलं. आणि त्यात फक्त बाहेरून आलेला जंतूच पचत नाही, पेशी स्वतःची मोडतोडही तिथेच नेते. झिजलेला भाग दुहेरी पडद्यात गुंडाळायचा, आम्लाच्या पिशवीशी जोडायचा, तोडून सुटे भाग करायचे आणि ते पुन्हा वापरायचे. जुन्या वाड्याचं सागवान उतरवून नव्या घराला लावतात ना, तसं. द दूव यांनी १९६३ मध्ये याला ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, असं नाव दिलं. हे काम कोणती जनुकं चालवतात ते जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी साध्या यीस्टमध्ये शोधलं आणि त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं. मेचनिकॉफ गेले त्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षं झाली होती.

वय वाढतं तशी ही सफाई मंदावते. यीस्टमध्ये असं दिसलं की म्हाताऱ्या पेशीतल्या त्या पिशवीची आंबटाईच कमी होते. उंदरांच्या यकृतात पिशवीच्या दारावरचा, माल आत घेणारा एक रेणू वयाबरोबर घटतो. न पचलेला माल तपकिरी कण होऊन साठत जातो, विशेषतः हृदयाच्या आणि मेंदूच्या पेशींत, कारण या पेशी सहसा बदलल्या जात नाहीत. त्याला लिपोफ्युसिन म्हणतात. आपल्या वयाच्या प्रत्येकाच्या हृदयात तो आहे. बाहेरच्या भक्षक पेशींचंही तेच. मेलेल्या पेशी उचलण्यात त्या मागे पडतात, पण चिडचिड मात्र वाढते आणि अंगात बारीक दाह सतत धुमसत राहतो. मेचनिकॉफ यांना वाटलं होतं की म्हातारपणी सफाई अति होते. प्रत्यक्षात सफाई कमी पडते आणि गोंगाट तेवढा वाढतो.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या खानदेशातल्या माणसाने नीट ऐकावी. १९६२ मध्ये इटलीच्या फेरुच्चिओ रितोसा यांच्या प्रयोगशाळेत कुणीतरी चुकून उबवणीच्या पेटीचं तापमान वाढवलं आणि फळमाशीच्या पेशींत एरवी झोपलेली काही जनुकं जागी झालेली दिसली. उष्णतेने प्रथिनांची घडी विस्कटते, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तशी. तेव्हा पेशी तातडीने काही मदतनीस प्रथिनं बनवते आणि ती घडी सावरून धरतात. घडी सावरण्यापलीकडे गेली तर माल सफाईकडे जातो. ही दोन खाती एकमेकांना धरून चालतात. म्हाताऱ्या पेशीला तेवढीच उष्णता लागली तरी ती मदतनीस कमी बोलावते. शिवाय आपल्या वयात घाम कमी येतो, तहान उशिरा लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा लहानपणी आपण भर दुपारी आंबे पाडायला हिंडलो आणि काही झालं नाही, हा हिशोब आता चालत नाही. उन्हाळ्यातल्या लग्नांत भर दुपारी वरातीत नाचणाऱ्या मित्रांची नावं मी इथे लिहीत नाही.

उपवासाने आणि व्यायामाने ही सफाई वाढते, हे प्राण्यांत दिसलं आहे. माणसांत किती उपवासाने किती वाढते, याचा ठाम आकडा अजून कुणाकडे नाही. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने सोळा तास उपाशी राहण्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. चालायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. पेठेपासून कसब्यापर्यंत जा आणि परत या, एवढं पुरे.

मेचनिकॉफ १९०९ मध्ये टॉलस्टॉयला भेटायला त्याच्या गावी गेले होते. दोन म्हातारे, एक देवाच्या वाटेने मरणाकडे पाहणारा, दुसरा मायक्रोस्कोपमधून. मेचनिकॉफ यांचं असं मत होतं की माणूस नीट, पूर्ण जगला, तर शेवटी दिवसभराच्या कामानंतर झोप यावी तशी मरणाची इच्छा आपोआप येईल. आपल्याला मरणाची भीती वाटते कारण आपण बहुतेक वेळा अवेळी मरतो. पंख फुटल्यावर काही तासच जगणाऱ्या त्या किड्यांचा दाखला त्यांनी इथे पुन्हा वापरला.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध लागलं. संस्थेतले तरुण आघाडीवर गेले, प्रयोगशाळा ओस पडल्या. विज्ञानाने माणसं शहाणी होतील असं मानणाऱ्या या माणसाला ते फार लागलं. हृदय आधीपासूनच दुखरं होतं. शेवटच्या महिन्यांत ते स्वतःच्या लक्षणांचीही नोंद ठेवत होते, दुसऱ्या कुणाचा आजार असावा तशी. आपलं शरीर तपासून पाहा, असं त्यांनी सहकाऱ्यांना सांगून ठेवलं होतं. १५ जुलै १९१६ रोजी, पाश्चर संस्थेच्या आवारातच, ते गेले. वय एकाहत्तर. दह्याची थट्टा करणाऱ्यांना तेवढंच निमित्त मिळालं. पण त्यांच्या घराण्यात हृदयाचा त्रास होता आणि आपण वयाच्या मानाने बरेच जगलो, असं ते स्वतः मानत.

दहन झाल्यावर त्यांच्या अस्थी कुठल्या दफनभूमीत नेल्या नाहीत. ओडेसाहून आलेल्या त्यांच्या शिष्याला ज्या संस्थेत ग्रंथपालाची जागा मिळाली होती, त्याच संस्थेच्या ग्रंथालयात, पुस्तकांच्या सोबतीने, तो कलश आजही ठेवलेला आहे.